पंधरा वर्षांचं कुलूप

१९९५ साली वेल्समधल्या स्वान्सी इथल्या ॲलन कॉक्स या प्रोग्रामरकडे एक मदरबोर्ड आला. त्यावर पेंटियम प्रोसेसर बसवायला दोन जागा होत्या. कॅल्डेरा या अमेरिकी कंपनीला लिनक्सवर धंदा उभा करायचा होता, आणि लिनक्सला एकापेक्षा जास्त प्रोसेसर एकदम चालवता यावेत म्हणून तिनं तो देऊ केला होता. लिनक्सचं वय तेव्हा चार वर्षं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या घरच्या ३८६ संगणकासाठी ते लिहायला घेतलं होतं आणि त्या संगणकात प्रोसेसर अर्थातच एक होता.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कोणाला आणि किती वेळ द्यायचा, डिस्कवर काय आधी लिहायचं, हे सगळं तोच ठरवतो. लिनक्सचा कर्नल एका गृहीतावर उभा होता: आपलं काम चालू असताना दुसरं कोणी मध्ये हात घालणार नाही. दुसरा प्रोसेसर आला की हे गृहीत कोसळतं. मेमरीच्या मोकळ्या पानांची एक यादी असते. पहिला प्रोसेसर यादीतलं वरचं पान बघतो. ते यादीतून वगळण्याच्या आत, डोळ्याच्या पापणीला कळणारही नाही इतक्या अल्पावधीत, दुसरा प्रोसेसर तीच यादी बघतो आणि त्यालाही तेच पान मोकळं दिसतं. एक पान दोघांना जातं. दोघंही त्यावर आपापला मजकूर लिहितात आणि बिघाड उघडा पडतो तो कितीतरी नंतर, भलत्याच ठिकाणी. पुन्हा चालवून बघावं तर सगळं सुरळीत, कारण या वेळी दोघांची गाठच पडलेली नसते. प्रोग्रामर याला रेस म्हणतात. समांतर प्रोग्रामिंगची बहुतेक दुखणी या एका रोगापासून निघतात.

कॉक्सनं काढलेला तोडगा सरळ होता. सगळ्या कर्नलला मिळून एक कुलूप. ज्या प्रोसेसरला कर्नलमध्ये शिरायचं आहे त्यानं आधी ते आपल्या ताब्यात घ्यायचं आणि बाहेर पडताना सोडायचं. दुसऱ्यानं तोवर दाराशी थांबायचं. पुढे याला ‘बिग कर्नल लॉक’ हे नाव पडलं आणि बोलण्यात त्याचं ‘बीकेएल’ झालं. जून १९९६ मध्ये आलेल्या लिनक्स २.० बरोबर ते जगभर पोचलं. ते योग्यच होतं, हे आज आवर्जून सांगायला हवं. बहुतेक वेळ आपल्याच आकडेमोडीत रमलेल्या प्रोग्रामना त्याचा जाच होत नसे आणि कर्नलमधला आधीचा सगळा कोड जवळजवळ न बदलता सुरक्षित राहिला. अडचण पुढची होती. चाळीत बिऱ्हाडं दुप्पट झाली तरी नळ एकच असेल, तर वाढते ती फक्त रांग.

या कुलपाला दोन विचित्र सवयीही होत्या. ज्या प्रोसेसनं, म्हणजे चालू प्रोग्रामनं, ते घेतलंय तिला तेच कुलूप आतल्या आत पुन्हा घेता येई. आणि कुलूप हातात असताना एखादी प्रोसेस डिस्कची वाट बघत झोपली, तर ते आपोआप सुटे व ती जागी झाली की गुपचूप तिच्याकडे परत येई. दोन्ही गोष्टी त्या वेळी सोयीच्या म्हणून केलेल्या. पुढची दीड दशकं अनेकांची झोप उडाली ती यांच्यामुळे.

त्या काळात एकापेक्षा जास्त प्रोसेसर ही सर्वसामान्यांची बाब नव्हतीच. पुण्यात सी-डॅकनं १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा केला, तो इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून. असल्या यंत्रांवर काम करणारा माणूस शास्त्रज्ञ असे, त्याच्याकडे सोडवायचं मोठं समीकरण असे, आणि ते तुकड्यांत कसं वाटायचं याचा विचार करायला त्याला महिने मिळत. घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकाला याची गरज पडेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. तो दर दीड-दोन वर्षांनी आपोआप वेगवान होतच होता.

लिनक्सला पहिला जाहीर फटका बसला १९९९ च्या एप्रिलमध्ये. माइंडक्राफ्ट नावाच्या संस्थेनं चार झिऑन प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं असलेल्या डेल सर्व्हरवर विंडोज एनटी ४.० आणि लिनक्स २.२ यांची तुलना केली. निकाल असा की फाइल सर्व्हर म्हणून एनटी अडीच पट वेगवान आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट. या चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टनं केला होता, हे बाहेर आलं तेव्हा लिनक्सवाल्यांमध्ये संतापाची लाट उसळली. लिनक्सची जुळणी मुद्दाम ढिसाळ ठेवली, असा आरोप झाला. जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन चाचणी पुन्हा झाली. लिनक्सचे आकडे सुधारले, पण जिंकलं एनटीच.

संताप ओसरल्यावर कर्नल लिहिणाऱ्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. चाचणी कोणी का करवली असेना, आपला प्रोसेसर नेमका कुठे थांबतो हे त्यांनी शोधलं. नेटवर्कचा सगळा कोड एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालत होता. चार कार्डांवरून येणारी पाकिटं एकाच दारातून आत जात होती. पुढच्या दीड वर्षात हा भाग सोडवला गेला आणि जानेवारी २००१ मध्ये लिनक्स २.४ आलं तेव्हा नेटवर्कला स्वतःची, बारीक बारीक कुलपं होती. मेमरीला वेगळी, फाइलींना वेगळी. मोठं कुलूप मात्र जागच्या जागी होतंच. जो जो कोपरा कोणी अजून तपासला नव्हता तो तो त्याच्याच भरवशावर होता.

बारीक कुलपांनी नवं संकट आणलं. एका प्रोसेसरनं ‘अ’ कुलूप घेऊन ‘ब’ साठी थांबावं आणि दुसऱ्यानं ‘ब’ घेऊन ‘अ’ साठी, की दोघंही कायमचे अडकले. हा डेडलॉक. कुलूप एकच असतं तेव्हा हे होऊच शकत नाही. शेकडो झाली की ती कोणत्या क्रमानं घ्यायची हे कर्नलवर काम करणाऱ्या हजारभर माणसांना, वेगवेगळ्या देशांत बसून, सारखंच माहीत असायला लागतं.

मग कुलूपच लागणार नाही असं काही करता येईल का? याचं उत्तर ओरेगनमधल्या सिक्वेंट या कंपनीत तयार होतं. ती बहु-प्रोसेसर सर्व्हर बनवत असे आणि तिथल्या पॉल मॅकेनी व जॅक स्लिंगवाइन यांनी नव्वदीच्या दशकात एक युक्ती बसवली होती. कर्नलमधल्या कित्येक याद्या सतत वाचल्या जातात आणि क्वचितच बदलतात. मग वाचणाऱ्यानं कुलूप घ्यायचंच नाही. ज्याला बदल करायचा आहे त्यानं मूळ नोंदीची प्रत काढावी, प्रतीत बदल करावा आणि एका झटक्यात यादीचा रोख जुन्या नोंदीवरून नव्या नोंदीकडे वळवावा. जे आधीपासून वाचत होते ते जुनीच नोंद निवांत वाचून पूर्ण करतात. नव्यानं येणाऱ्यांना नवी दिसते. जुनी फेकायची केव्हा, हा कळीचा प्रश्न. त्याचं उत्तर असं: प्रत्येक प्रोसेसरनं एकदा तरी हातातलं काम बदललं, की जुनी नोंद कोणाच्याही हाती उरलेली असू शकत नाही. वाचणाऱ्याला याची किंमत जवळजवळ शून्य पडते. ‘रीड-कॉपी अपडेट’, म्हणजे आरसीयू, ते हेच.

१९९९ मध्ये आयबीएमनं सिक्वेंट विकत घेतली आणि आरसीयूला लिनक्सचा रस्ता मोकळा झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं. त्यातलं महत्त्वाचं काम बंगळूरच्या आयबीएममध्ये झालं. दीपंकर सरमा यांनी आरसीयू लिनक्समध्ये बसवण्यात मोठा वाटा उचलला आणि मनीष सोनी यांच्यासह फाइलींच्या नावांचा शोध घेणारा भाग त्यावर आणला. आज कोणी अँड्रॉइड मोबाइलवर फोटो उघडतो तेव्हा त्या फाइलचा माग काढणारा कोड कुलपाला हात न लावता धावू शकतो. त्याची सुरुवात या कामात आहे.

त्याच वर्षी प्रोग्रामरच्या बाजूनंही एक मोठी अडचण सुटली. एका प्रोग्रामचे अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, करून ते वेगवेगळ्या प्रोसेसरवर सोडायचे, तर त्यांनाही आपापसांत कुलपं लागतात, आणि दर वेळी कुलपासाठी कर्नलचं दार ठोठावणं महागात पडतं. हुबर्टस फ्रँके, मॅथ्यू कर्कवुड आणि रस्टी रसेल यांनी फ्युटेक्स मांडला. कुलूप मोकळं असेल तर प्रोग्रामनं ते आपल्याच मेमरीत परस्पर घ्यायचं. कर्नलकडे जायचं ते फक्त खरोखर थांबावं लागलं तरच. त्याच्या आधारावर उल्रिक ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी थ्रेडची नवी लायब्ररी लिहिली. साध्या संगणकावर एक लाख थ्रेड सुरू करायला जुन्या पद्धतीनं पंधरा मिनिटं लागत. नव्या लायब्ररीनं ते दोन सेकंदांत केलं.

हे सगळं मोठ्या सर्व्हरसाठी चाललं होतं आणि त्याचे पैसेही सर्व्हर विकणाऱ्या कंपन्या मोजत होत्या. सिलिकॉन ग्राफिक्सनं २००४ मध्ये नासासाठी उभारलेल्या ‘कोलंबिया’ महासंगणकात वीस यंत्रं होती आणि त्यातल्या प्रत्येकात ५१२ प्रोसेसर लिनक्सच्या एकाच कर्नलखाली चालत. टेबलावरच्या संगणकाशी याचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा कोणीही विचारला असता. उत्तर त्याच वर्षी मिळालं.

१९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकं त्याला कमी व्होल्टेज पुरतं. म्हणून चिपवर ते दाटीनं बसवले तरी चिप जास्त तापत नाही. तीस वर्षं वेग वाढत राहिला तो या हिशोबावर. ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाले तेव्हा ते बंद असतानाही वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणं अशक्य झालं. इंटेलच्या पॅट गेलसिंगर यांनी फेब्रुवारी २००१ मध्येच इशारा दिला होता: असंच चालू राहिलं तर चिपच्या पृष्ठभागावरची उष्णतेची घनता अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या नळकांड्याइतकी होईल. मे २००४ मध्ये इंटेलनं पेंटियम ४ च्या पुढचा, ‘तेहास’ नावाचा प्रोसेसर रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियमचा नाद सोडला. त्यानंतर काही दिवसांत ओरलँडोतल्या एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी हजारो श्रोत्यांसमोर व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली.

२००५ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंटेल आणि एएमडी, दोघांचेही दोन कोअरवाले प्रोसेसर बाजारात आले. आयबीएमनं २००१ मध्येच पॉवर ४ मध्ये दोन कोअर घातले होते, पण तो महागड्या सर्व्हरचा मामला. आता एका चिपवर दोन पूर्ण प्रोसेसर सामान्य ग्राहकाच्या पदरात पडले. चिप बनवणाऱ्यांनी आपला प्रश्न सोडवला नव्हता, तो प्रोग्रामरच्या अंगावर ढकलला होता. सी++ च्या वर्तुळातले जाणकार हर्ब सटर यांनी मार्च २००५ च्या ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये हे स्वच्छ शब्दांत मांडलं: नवा संगणक घेतला की जुना प्रोग्राम आपोआप वेगानं धावेल, हे दिवस संपले. यापुढे वेग हवा असेल तर प्रोग्राम समांतर लिहावा लागेल.

लिहायचा कशानं, हा पुढचा प्रश्न. एमआयटीत चार्ल्स लायझरसन यांच्या गटानं नव्वदीच्या दशकातच ‘सिल्क’ ही भाषा घडवली होती. प्रोग्रामरनं फक्त कोणती कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत एवढं सांगायचं. ज्या प्रोसेसरचं काम संपेल तो दुसऱ्याच्या रांगेतून काम उचलून नेतो. हीच कल्पना इंटेलच्या २००६ मधल्या लायब्ररीत आली. ॲपलनं २००९ मध्ये ‘स्नो लेपर्ड’सोबत ‘ग्रँड सेंट्रल डिस्पॅच’ दिलं. तिथे थ्रेड किती ठेवायचे हे प्रोग्राम ठरवतच नाही, तो कामांचे तुकडे रांगेत टाकतो आणि संगणकाची एकंदर स्थिती बघून ऑपरेटिंग सिस्टिम ते वाटते. कंपायलरचीही, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या अवजाराचीही, पंचाईत होती. जुन्या कंपायलरला वाटे की प्रोग्राम एकटाच चालतोय, म्हणून वेगासाठी तो ओळींचा क्रम बिनदिक्कत बदले. हान्स बोम यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की भाषेनंच हमी दिल्याशिवाय थ्रेड बिनधोक होऊ शकत नाहीत. सी आणि सी++ यांच्या प्रमाण व्याख्येत ती हमी यायला २०११ उजाडलं.

पण नव्या भाषा आणि लायब्रऱ्यांपेक्षाही ज्यांनी हा काळ निभावून नेला ती अवजारं वेगळी होती, आणि त्यांना मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. ही अवजारं चूक शोधणारी. त्यांची गरज का होती, हे दोन उदाहरणांतून दिसतं.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. झाडांना टेकलेल्या वाहिन्यांपासून सुरुवात झाली, पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना वाजलीच नाही. सूचना देणारी प्रणाली तासाभराहून अधिक काळ मुकी होती आणि ती मुकी आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक नव्हतं. कारण एक रेस. दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच माहितीत लिहायला गेल्या आणि प्रणाली अनंत फेऱ्यांत अडकली. ही चूक सुमारे दहा लाख ओळींमधून हुडकायला अभियंत्यांना आठवड्यांमागून आठवडे लागले. कोडमध्ये मुद्दाम विलंब घालून, सगळं सावकाश चालवून, त्यांना ती पुन्हा घडवून आणावी लागली.

बर्कलीचे प्राध्यापक एडवर्ड ली यांचा अनुभव याहून अस्वस्थ करणारा आहे, कारण तिथे निष्काळजीपणाला जागाच नव्हती. ‘टॉलेमी’ या त्यांच्या प्रकल्पाचा गाभा २००० साली लिहिला गेला. थ्रेडचे जाणकार संशोधक तो लिहीत होते, दुसरे तपासत होते, कोडची ओळ न् ओळ चाचण्यांखालून जात होती. सगळं उत्तम चाललं आणि २६ एप्रिल २००४ रोजी, चार वर्षांनी, तो कोड डेडलॉकमध्ये अडकला. माणसानं कितीही काळजी घेतली तरी केवळ डोळ्यांनी या चुका दिसत नाहीत.

म्हणून यंत्रालाच पहाऱ्यावर बसवायचं. १९९७ मध्ये स्टीफन सॅव्हेज, मायकेल बरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इरेझर’ हे अवजार प्रसिद्ध केलं. रेस घडण्याची वाट ते बघत नाही. प्रोग्राम चालत असताना सामायिक मेमरीतल्या प्रत्येक जागेपाशी ते नोंद ठेवतं की इथे हात लावताना कोणती कुलपं हातात होती. दर वेळी असलेलं असं एकही कुलूप उरलं नाही, की ते बोट दाखवतं. विद्यार्थ्यांनी पूर्ण करून दिलेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या असाइनमेंटवर ते चालवलं तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत रेस सापडल्या. त्या विचारातून पुढे ज्युलियन सेवर्ड यांच्या व्हॅलग्राइंडमधला ‘हेलग्राइंड’ आला आणि २००९ मध्ये गूगलचा ‘थ्रेडसॅनिटायझर’. काही वर्षांत हा कंपायलरमध्येच समाविष्ट झाला. गो भाषेत तर २०१३ पासून एक शब्द जास्त टाइप केला की तपासणी चालू.

लिनक्सच्या कर्नलला असा पहारेकरी २००६ मध्ये मिळाला. इंगो मोल्नार आणि आर्यान व्हॅन डी व्हेन यांनी ‘लॉकडेप’ लिहिलं आणि सप्टेंबरमधल्या २.६.१८ सोबत ते आलं. कोणत्या जातीचं कुलूप कोणत्या जातीच्या कुलपानंतर घेतलं जातं याची ते नोंद ठेवत जातं. सोमवारी एका ठिकाणी ‘अ’ नंतर ‘ब’ आणि गुरुवारी भलत्या ठिकाणी ‘ब’ नंतर ‘अ’ घेतलं गेलं, तर दोघांची प्रत्यक्ष गाठ पडली नसतानाही ते ओरडतं. डेडलॉक घडायला दहा वर्षं लागली असती, लॉकडेपला तो पहिल्याच आठवड्यात दिसतो. कर्नलमध्ये धीटपणे हात घालता येऊ लागला तो यानंतर.

मोठं कुलूप तरीही शाबूत होतं. त्यावर घाव पडायचं निमित्त झालं ते २००८ मधल्या एका घसरगुंडीचं. कर्नलमधला सेमाफोर नावाचा घटक मॅथ्यू विल्कॉक्स यांनी नव्यानं, सुटसुटीत लिहिला. मोठं कुलूप त्या वेळी त्यावर आधारलेलं होतं. लगेच एका प्रसिद्ध चाचणीत वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला. ज्याला सगळे विसरल्यात जमा होते ते कुलूप अजून किती ठिकाणी घेतलं जातंय, हे त्या आकड्यानं दाखवलं. टोरवाल्ड्सनं तात्पुरता इलाज म्हणून कुलूप पुन्हा जुन्या, हट्टी रूपात नेलं: ज्याच्या हातात ते आहे त्याला मध्येच थांबवता येणार नाही. ध्वनी, यंत्रमाग, रोबोट अशा ठिकाणी क्षणाचाही उशीर न चालणाऱ्यांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. मे २००८ मध्ये मोल्नार यांनी हे कुलूप मारण्यासाठी म्हणून कर्नलची वेगळी शाखाच काढली.

पहिला शत्रू होत्या त्या दोन जुन्या सवयी. कुलूप आपोआप सुटतं आणि आपोआप परत येतं, त्यामुळे कोणता कोड त्याच्यावर नेमका कशासाठी विसंबून आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं आणि लॉकडेपलाही दिसत नव्हतं. मोल्नार यांनी आपल्या शाखेत हे आपोआप सुटणं काढून टाकलं, ते साधं कुलूप केलं आणि लॉकडेपच्या नजरेखाली आणलं. इशाऱ्यांचा पाऊस पडला. प्रत्येक इशारा म्हणजे सोडवायची एक गाठ.

बाकीची पद्धत चिकाटीची होती. एखाद्या उपकरणाची फाइल उघडताना सामायिक कोड मोठं कुलूप घेऊन मग त्या त्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कोडला, हाक मारी. ते कुलूप तिथून काढून प्रत्येक ड्रायव्हरच्या आत ढकलायचं. मग एकेक ड्रायव्हर वाचून, इथे खरंच काय राखायचंय हे समजून घेऊन, ते उचलून टाकायचं. हे ढकलण्याचं मोठं काम जोनाथन कॉर्बेट यांनी केलं. ते मुळात कर्नलच्या घडामोडींचं वार्तांकन करणारे पत्रकार. फ्रेडरिक वाइसबेकर यांनी रायझरएफएस या फाइलप्रणालीचा भाग अंगावर घेतला आणि ती लढाई फार कठीण निघाली, कारण ती प्रणाली दोन्ही सवयींवर जागोजागी विसंबलेली होती. ॲलन कॉक्स स्वतः टर्मिनलच्या जुनाट कोडमध्ये उतरले. थॉमस ग्लाइक्सनर होते, आणि शेवटची दोन वर्षं सगळ्यांचे धागे हातात धरून बसलेले आर्न्ट बर्गमन. जानेवारी २०११ मधल्या २.६.३७ मध्ये मोठ्या कुलपाशिवाय कर्नल बांधणं शक्य झालं. उरल्या त्या अडगळीतल्या वस्तू: ओएस/२ च्या डिस्क वाचणारा कोड, ॲपलटॉक, एक्स.२५ अशी जवळपास कोणी न वापरणारी नेटवर्कं. त्यांनाही वगळून टाकण्याआधी दुरुस्त करायचा प्रयत्न झाला.

मे २०११ मध्ये २.६.३९ बाहेर पडलं तेव्हा मोठं कुलूप कर्नलमध्ये नव्हतं. ते काढणारा अखेरचा बदल बर्गमन यांच्या नावावर आहे. सोबतच्या टिपणात त्यांनी श्रेय या शिकारीत सामील झालेल्या सगळ्यांना दिलं.

हा रोग फक्त लिनक्सचा होता असंही नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी २००० पासून आपल्या ‘जायंट’ नावाच्या कुलपाशी तेवढाच दीर्घ झगडा दिला. विंडोज एनटी तर पहिल्या दिवसापासून अनेक प्रोसेसर गृहीत धरून रचलेली. तरीही थ्रेडचं वेळापत्रक सांभाळणारं एक जागतिक कुलूप तिच्या पोटात होतंच. अरुण किशन यांनी ते फोडलं आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये ६४ ऐवजी २५६ तार्किक प्रोसेसरपर्यंत मजल गेली.

याच सुमारास काही संशोधकांना वाटत होतं की ही डागडुजी व्यर्थ आहे, ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून नवी हवी. झुरिकच्या ईटीएचनं मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज प्रयोगशाळेसोबत २००९ मध्ये ‘बॅरलफिश’ मांडली. तिथे प्रत्येक कोअरवर स्वतंत्र कर्नल आणि ते एकमेकांशी निरोप पाठवून बोलतात. एमआयटीच्या गटानंही २००८ मध्ये ‘कोरी’ ही नवी रचना पुढे केली होती. याच गटानं पुढे ४८ कोअरच्या यंत्रावर साधं लिनक्स आणि सात नेहमीचे प्रोग्राम चालवून बघितले. मेल सर्व्हर ४८ कोअरवर कोलमडला, कारण डिस्क कुठे जोडलीय याच्या तक्त्याला एकच कुलूप होतं. सगळ्या गाठी शोधून, १६ पॅचमध्ये मिळून ३००२ ओळी बदलून, त्यांनी त्या बहुतेक सोडवल्या. आणि २०१० च्या निबंधात लिहिलं की एवढ्या कोअरसाठी तरी जुनी रचना टाकून द्यायचं कारण दिसत नाही. आधी स्वतःच नव्या रचनेचा पुरस्कार केलेला असताना हा निष्कर्ष छापायला प्रामाणिकपणा लागतो.

कुलूप गेल्यानंतरचा एक प्रकार मात्र सगळ्यांनाच चकित करून गेला. २०१६ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या संशोधकांनी, ज्यात अलेक्झांड्रा फेदोरोवा होत्या, ६४ कोअरच्या यंत्रावर लिनक्सच्या शेड्युलरचा अभ्यास केला. थ्रेड कोअरवर वाटून देणं हे शेड्युलरचं सगळ्यात मूलभूत काम. त्यात चार चुका निघाल्या. थ्रेड कामासाठी तिष्ठत असताना कित्येक कोअर सेकंदच्या सेकंद रिकामे बसत होते. काही चुका वर्षानुवर्षं तिथे होत्या. डेटाबेसच्या चाचणीत त्यांच्यामुळे १४ ते २३ टक्के वेग वाया जात होता आणि काही शास्त्रीय प्रोग्राम कित्येक पटींनी मंदावत होते. काहीही कोसळत नव्हतं, काहीही चुकीचं उत्तर येत नव्हतं, म्हणून कोणत्याही नेहमीच्या अवजाराला ते दिसत नव्हतं. संशोधकांना स्वतःची दोन अवजारं लिहावी लागली: एक, कोअर रिकामा आणि थ्रेड ताटकळत, ही अवस्था टिकून राहतेय का हे सतत तपासणारं, दुसरं, प्रत्येक कोअरवर क्षणाक्षणाला किती थ्रेड आहेत याचा रंगीत पट काढणारं.

२०१९ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी कर्नलमधल्या रेस पकडणारं ‘केसीसॅन’ तयार केलं आणि पुढच्या वर्षी ५.८ मध्ये ते अधिकृत झालं. पहिल्यांदा ते चालवून बघितलं तेव्हा काही दिवसांतच तीनशेहून अधिक वेगवेगळ्या रेस त्याच्या जाळ्यात आल्या. त्यातल्या काही निरुपद्रवी होत्या, काही नव्हत्या. कोणती कोणत्या प्रकारची, हे ठरवायला मॅकेनी आणि त्यांचे सहकारी त्या एकेक करून वाचू लागले.